साडेतीन मिलिमीटर

फ्रिजवर चौकटींचा कागद चिकटवलाय,
मधोमध एक ठिपका.
रोज चहाआधी
उजवा डोळा तळव्याने झाकायचा,
डाव्याने ठिपका धरायचा
आणि बघायचं, रेघा सरळ आहेत का.

हे मला सांगावं कुणी!
एकतीस वर्षं मी रेघाच ओढल्या.
सिडकोत ट्रेसर, मग ड्राफ्ट्समन,
नेरूळचे कितीतरी सेक्टर माझ्या पट्टीखालून गेले.
करावे गावाकडची खाजणं, उघाड्या,
आणि आमच्या बापाचा वाकडातिकडा बांध.
त्याच्यावरून, साहेबांनी दाखवली तशी,
मीच ओढली होती सरळ रेघ.
बाप काही बोलला नाही.
आईला म्हणाला, जेवायला वाढ.

गेल्या शिमग्यात
समोरच्या इमारतीचा खांब पोटात वाकला.
बायकोला म्हटलं, बिल्डरने सिमेंट खाल्लं.
ती म्हणाली, खांब बरा आहे,
तुमचंच काहीतरी वाकलंय.

पडद्याखाली पाणी झिरपतंय, डॉक्टरबाई म्हणाल्या.
खारजमिनीच्या माणसाला
झिरपणं समजावून सांगावं लागत नाही.
पण इंजेक्शन? डोळ्यात?

सिस्टर लिन्सी नाव विचारते.
जोमा हिरू तांडेल.
पाच मिनिटांनी परत. टेबलावर पुन्हा.
अहो, एवढ्यात मी बदलणार आहे का?
ती हसत नाही. कोणता डोळा, विचारते
आणि डाव्या भुवईवर बाण काढते.
मग कुपी उजेडात धरून
औषधाचं नाव, बॅच, मुदतीची तारीख
मोठ्याने वाचते, दुसरी कागदावर ताडून बघते.
आमच्याकडे नकाशे असेच तपासायचे.
एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं,
सही दोघांची.

आयोडिनचा थेंब झोंबतो.
झोंबू दे, म्हणते, तोच राखण करतो.
आता बोलायचं नाही.
पापण्यांना चिमटा,
आणि दिव्याच्या कडेला मला दिसलं
कर्कटक!
बाई बुबुळाच्या काठापासून अंतर मोजत होत्या.
किती, मी नंतर विचारलं.
साडेतीन मिलिमीटर.
तुमचा मोतीबिंदू काढलाय ना, म्हणून तेवढं.

एकास हजारच्या नकाशात
साडेतीन मिलिमीटर म्हणजे बैलगाडीची वाट.
अशा किती वाटा मी ब्लेडने खरवडल्या.

बाकावर पालवसाहेब कुजबुजले,
एके ठिकाणी निम्म्या पैशात देतात,
एका बाटलीतून दहा जणांना.
लिन्सीचे कान तिखट.
वाटून देणं वाईट नाही, म्हणाली,
पण कुठे वाटलं, कोणत्या हातांनी,
किती थंडीत ठेवलं, कधी, ते विचारा.
उत्तर आलं नाही तर उठा.

घरी चोळायचं नाही. डोळ्यात नळाचं पाणी नाही.
काळा बुडबुडा तरंगेल, तो जाईल.
पण कळ वाढली, उजेड खुपला, दिसणं अंधारलं,
तर पुढच्या तारखेची वाट बघत बसायचं नाही.

दुसऱ्या खेपेला रात्री दोन वाजता कळ आली.
बायकोने लुगड्यावर स्वेटर चढवला, रिक्षा धरली.
निघाला बुबुळावरचा नुसता ओरखडा.
मला लाज वाटली.
रात्रपाळीचा पोरगा डॉक्टर म्हणाला,
काका, नुसता ओरखडा निघावा
म्हणूनच यायचं असतं.

पुतण्याच्या हळदीपायी एक तारीख मात्र चुकवली.
तीन आठवड्यांत खांबाला परत पोट सुटलं.
त्यावर बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही.

पाच झाली. खांब सरळ उभा आहे.
कागदावर फक्त खाली डावीकडे
एक रेघ अजून वळते.
पट्टी लावून पाहिली,
पट्टीही तिथेच वळली.
तेवढं कदाचित राहील, बाई म्हणाल्या.

आमच्या बांधाला तिथेच वळण होतं,
भेंडीच्या झाडाला वळसा घालून.

आज चहा निवत ठेवला.
जुना ट्रेसिंग पेपर काढला, उजवा डोळा झाकला,
आणि जसा दिसला तसा
उतरवून घेतला.
खाली प्रमाण लिहिलं नाही.