एकेचाळीस नंबर

दांडीच्या किनाऱ्यावरून सातला होडी सुटते.
दोन सिलिंडर, गंजकी जाळी, प्लास्टिकच्या पट्ट्या,
डब्यात कालचे घावणे.
नारबा खवणेकर सुकाणूवरून विचारतो,
"बाय, ह्या दगडाक पट्टी कित्याक बांधतंस?
मोडलेल्या पायाक बांधतत तशी?"
हो, तशीच.
"मगे ह्याका दुखता काय?"
पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत
हे कुणी विचारलं नव्हतं.

खाली सहा मीटरवर
नांगर ओढत गेल्याची पांढरी रेघ.
तिच्या कडेने मी प्रवाळाचे तुकडे वेचते, करंगळीएवढे.
भाजल्या काजूचा रंग असेल तर जाळीवर,
चुन्याचा असेल तर
पाटीवर फुली.

वर्षात नखभर वाढतात. काही तेवढंही नाही.
कार्यालयाच्या अर्जात रकाना आहे:
लाभार्थींची संख्या.
तिथे काय लिहू?
एक गोबऱ्याचं पिल्लू, रोज तेच,
माझ्या हातमोज्याला घर समजणारं?

मे महिन्यात पाणी साडेएकतीस अंशांवर गेलं
आणि आठवड्यात सगळा खडक पांढरा.
एक जोडपं मुखवटे काढत वर आलं,
म्हणालं, किती सुंदर, नाही? शुभ्र!
नारबाने माझ्याकडे पाहिलं नाही.
इंजिनाची दोरी ओढत राहिला.
इंजिन चालूच होतं.

त्याच्या बोटात पोवळं आहे, मंगळासाठी घेतलेलं, चार हजारांचं.
"ह्यां हयलाच काय?"
नाही, दुसऱ्या समुद्रातलं.
त्याने अंगठी फिरवली, खडा तळव्याकडे केला,
आणि मुठीत धरून बसला.

मग जून. होड्या वर, झापांखाली.
नारळी पौर्णिमेनंतरही पाणी इतकं गढूळ
की आपलाच हात कोपरापर्यंत दिसायचा.

ऑक्टोबरात गेलो तर
खडकाच्या डोक्यावर एक निळा पिंप तरंगत होता,
दोरी खाली, दगडाला बांधलेली.
पिंपावर ऑइलपेंटने, ओघळलेल्या अक्षरात:
"हय नांगर टाकू नको. खाली पेशंट आसत."
मी काही बोलले नाही. तोही नाही.
होडी पिंपाला बांधली.

एकशेवीसपैकी अडतीस.
जाळीचा एक कोपरा वाळूत गेलेला.
पाटीवर फुल्या, फुल्या, एके ठिकाणी प्रश्नचिन्ह.
एकेचाळीस नंबरची पट्टी सापडेना.
बोटाने चाचपलं.
सुटली नव्हती. प्रवाळ तिच्यावरून वाढत गेला होता,
तिला पोटात घेऊन
त्याने जाळी स्वतःच धरली होती.

मी लिहिलं: ४१, पट्टी दिसत नाही.
पुढे पेन्सिल थांबली.
काट्यावर हवा पन्नास.
वर, होडीच्या बुडावर,
नारबा दोनदा ठोकत होता.