दालेतचा कोपरा

लाडखेडला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते.
थांब्यावरचं कुत्रं सावली पुरवून पुरवून वापरत होतं.
मिल्काबाई वाकरूळकर दारातच उभ्या.
"पाहून सांगा," म्हणाल्या, "गोड बोलू नका.
आमच्या घरात ती रीत नाही."

त्यांचे यजमान कापसाचे ग्रेडर.
एकतीस हंगाम संकलन केंद्रावर:
पुंजका चिमटीत धरायचा, ओढायचा,
धाग्याची लांबी बोटाच्या पेरावर मोजायची,
ओल आहे का ते गालाला लावून बघायचं,
आणि माल नापास करताना
गाडीवाल्याकडे नाही, बैलांकडे पाहायचं.

सागाच्या चौकटीवरून मी पितळी नळी काढली, तिरकी ठोकलेली.
आतून निघालं गुंडाळलेलं कातडं, करंगळीएवढं.
मेझुझा. बावीस ओळी, सातशे तेरा अक्षरं.

आधी वास घेतला. मायफळाची शाई, छापखान्याचं तेल नाही.
मग उन्हात आडवं धरलं:
बिनशाईच्या रेघा, काट्याने ओढलेल्या, जिथल्या तिथे.
मग भिंगाखाली अलेफ.
छापलेल्यात सगळे अलेफ गणवेशात येतात.
इथे एकाचा पाय लांब, एक दमलेला,
आणि नवव्या ओळीत लिहिणाऱ्याने
बोरू नव्याने तासला, तेही दिसतं.
हात खरा होता.
कुणाचा, ते ठाऊक नाही. सासऱ्यांनी पनवेलहून आणलेलं, एवढंच.

पण खरं निघणं वेगळं आणि पास होणं वेगळं.

पहिल्याच ओळीत, देव एक आहे म्हणतो तिथे,
'एक' या शब्दाचं शेवटचं अक्षर दालेत.
दालेतला पाठीमागे टोक हवं, काटकोनातलं.
ते झिजून गोल झालं की अक्षर रेश होतं,
आणि 'एक'चा होतो 'दुसरा'.
चौकटीला लागून खिडकीत कूलर.
वीस उन्हाळे ओल्या वाळ्याचा वारा
त्या एका कोपऱ्यावर.

टोक आहे की नाही? मला वाटे आहे, मला वाटे नाही.
अशा वेळी लहान मुलाला विचारतात,
ज्याला अक्षरं येतात आणि अर्थ येत नाही असं.
आता लाडखेडमध्ये असं मूल कुठून आणायचं?

"सुगंधा," मिल्काबाईंनी हाक मारली.
जिनिंगच्या चौकीदाराची, टेकामांची, नऊ वर्षांची.
यजमान रिटायर झाल्यावर संध्याकाळी
ओसरीच्या फरशीवर खडूने तिला अक्षरं काढून देत,
दुसरं कुणी शिकायला नव्हतं म्हणून.
नियमात हे बसतं का, मी विचारलं नाही.
गुरुजींचा फोन लागत नव्हता.

ती वाकली. तिच्या वेणीला खोबरेल होतं,
मी कातडं जरा लांब सरकवलं.
"हे रेश हाये," ती म्हणाली,
आणि चिंचा पाडायला परत गेली.

मी बैल शोधले.
ओसरीत बैल नव्हते.
मिल्काबाईंकडे पाहूनच सांगावं लागलं.

"एक टिपका तर द्यायचा," त्या म्हणाल्या.
"नाही देता येत. हे पहिल्यापासून ओळीने लिहायचं असतं.
पुढचं लिहून झाल्यावर
मागे जाऊन अक्षर घडवता येत नाही."
त्या काही बोलल्या नाहीत.
उठल्या, आणि मे महिन्यात, भर दुपारी एक वाजता,
कूलर बंद केला.

नवीन मेझुझा मी आणलाच होता. ठोकला. खिळे जुनेच.
मलिदा झाला, चहा झाला, पैशांवरून थोडं भांडण झालं.

परतीच्या एसटीत मांडीवर पंचात गुंडाळलेली नळी.
शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय जपून ऱ्हायले एवढं?"
"नापास झालंय."
"दहावी का बारावी?"
"एका अक्षरात गेलं."
"एकातच न? मंग कायले तोंड पाडता,"
त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली,
"आक्टोबरात निघते."