तक्ता चौथा, तिसरा रकाना

टालिनमधल्या आमच्या कचेरीत
डिसेंबरात साडेतीनलाच दिवेलागण होते.
मी बायका मोजते.
पन्नाशी ओलांडलेल्या, पत्र मिळालेल्या,
पत्र मिळूनही न आलेल्या,
आलेल्या आणि पुन्हा बोलावलेल्या.
कुणाच्या छातीला माझा हात लागत नाही,
माझ्यापर्यंत पोचतात ते नुसते टक्के.

हिउमा बेटाचा आकडा यंदा घसरला.
तपासणीची बस तिकडे बोटीतून जाते,
वारा सुटला की बोट धक्क्यालाच बांधलेली.
तीन दिवस बस अलीकडे अडकली,
नि पलीकडे कार्दलाच्या दुकानासमोर
दोन-दोन डगले चढवून बायका उभ्या राहिल्या,
परत गेल्या.
शेऱ्यात मी लिहिलं: हवामान.

अवघड असतो तो तिसरा रकाना.
आल्या, फोटो निघाला, ‘काही नाही’ असं पत्र गेलं,
आणि पुढच्या बोलावण्याआधीच
ज्यांच्या हाताला गाठ लागली, त्या.
त्यांचे जुने फोटो नाव झाकून,
निरोगी फोटोंच्या गठ्ठ्यात मिसळून
पुन्हा तपासले जातात.
कधी खरंच काही नसतं.
कधी दुधात पडलेल्या केसाएवढं
काहीतरी असतं,
आणि डॉक्टर हेल्वे चष्मा काढून
बराच वेळ खिडकीकडे बघत बसते.
यंदा अशा सात.

अहवाल निघाल्यावर फोन आला.
माइमू, बेटावरची. मेंढ्या आहेत म्हणाली, फार वेळ नाही.
“तुमचं पत्र आलं होतं, काही नाही म्हणून.
गाठ मला लोकर कातरताना कळली, कोपर लागून.
मी कुठे आहे तुमच्या अहवालात?”

भांडायला केलाय असं वाटून मी
मर्यादा, नियम, इतर देशांतलं प्रमाण,
सगळं पुढे केलं.
तिने ऐकून घेतलं. मागे कुत्रं भुंकत होतं.
शेवटी म्हटलं, तक्ता चौथा, तिसरा रकाना.
“तिथे सात लिहिलंय.”
हो.
“म्हणजे आणखी सहा जणी.”
हो.
“कशा आहेत त्या?”

ते आमच्या तक्त्यात नसतं.
नावं मला ठाऊक नाहीत,
असती तरी सांगता आली नसती.
तसं सांगितलं.
“बरं,” म्हणाली, आणि ठेवला.

त्या संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर
मी पुन्हा बेरीज केली,
हातमोजे काढून, बोटांवर.
एका हातावर मावल्या नाहीत.