काळी तार

गाणं चालूच होतं,
म्हणून आम्हाला कळलं नाही.
दारांतले बारके स्पीकर किणकिणत होते,
बाबा स्टेअरिंगवर बोटं आपटत होते,
वॅगनआर दांडिया बाजारातून सुरसागरकडे वळत होती.
कुंजलनं मागून माझ्या खांद्यावर टिचकी मारली,
हात छातीशी नेला,
मग मूठ उघडून दाखवली.
रिकामी.

कुंजल तेवीस वर्षांची, लॅबमध्ये काचपट्ट्या तपासते.
तिला ऐकू येत नाही.
गाणं तिच्याकडे पाठीतून येतं,
मागच्या सीटला टेकवलेल्या दहा इंची काळ्या खोक्यातून.
दोन महिने ती सांगत होती की हे अडखळतं,
स्पीडब्रेकर आला की सुटतं.
आम्ही म्हणायचो, छान तर वाजतंय!

रविवारी डिकी उघडली.
अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा ना हिरवा, ना लाल.
लाल असता तर रुसलाय तरी म्हणता आलं असतं.
मुफद्दलभाईंनी दुकानाच्या ओट्यावरूनच निदान केलं:
“नवुं लई लो. साडाचार हजार.”

मी घरून मीटर आणला.
फ्यूज उन्हात धरून पाहिला, आतली पट्टी धड.
मीटरचं काळं टोक गाडीच्या पत्र्याला, लाल टोक लाल तारेला:
बारा पूर्णांक सहा. म्हणजे जेवण पोचतंय.
निळ्या तारेला: बारा.
म्हणजे पुढून ‘ऊठ’ हा निरोपही पोचतोय.
मग हा उठत का नाही?

खोकंच गेलं असेल, बाबा म्हणाले.
मीटरच्या पाठीतली चौकोनी बॅटरी काढली,
दोन तारांनी खोक्याच्या टोकांना लावली,
नुसती टेकवली, तेवढीच.
पडदा एकदा पुढे आला.
धप.

कुंजलचा तळवा त्यावर होता.
तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बॅटरी हातातून काढूनच घेतली.
धप.
धप धप.
मग थांबून, खाली मान घालून,
धप, धप धप, धप,
काहीतरी, जे तिला माहीत होतं
आणि मला ओळखता आलं नाही.
शेजारचे पारकरकाका गॅलरीत येऊन गेले.
मी तिथेच उभा, हातात आंधळा मीटर.

राहिली काळी तार.
आमचा वायरमन अर्थिंगला नुसतं ‘अर्थ’ म्हणतो.
“अर्थ सुटला असेल भाऊ, बाकी सगळं बरोबर असूनसुद्धा
अर्थ सुटला की काही चालत नाही.”
तो हे पंख्याबद्दलही म्हणतो.

सीट उचलली. गालिचा उचलला.
खाली विश्वामित्री होती.
पूर आला त्या साली गाडी आत्याकडे मुजमहुड्याला तीन दिवस पाण्यात होती.
फाटकाशी मगर, गच्चीवर आम्ही.
अ‍ॅम्प वर टांगलेला, पाणी वीतभर खाली थांबलं.
सगळे म्हणाले, वाचलं.
सीटा वाळवल्या, गालिचा नवा टाकला,
आणि बोल्टभोवती हा गाळ, चहाच्या चोथ्यासारखा,
खालचा पत्रा गंजून पापडासारखा सुटलेला.
तार हलवली. हातात आली.
स्पीडब्रेकरला सुटतं.
निदान दोन महिन्यांपूर्वीच झालं होतं,
मागच्या सीटवर.

पॉलिश पेपरनं घासत बसलो,
पत्रा चमच्यासारखा दिसेपर्यंत.
नवा बोल्ट, दातेरी वॉशर, वर थोडं ग्रीस.
दिवा हिरवा.

बाबांनी त्यांचंच आवडतं लावलं.
कुंजल टेकून बसली, डोळे छताकडे.
बराच वेळ.
हनुवटी जराशी हलली: बरं आहे.
मग तिनं मूठ पुढे करून उघडली.
मी घाबरलो, आता काय गेलं?
काही नाही.
तिला ती बॅटरी हवी होती.

मीटर अजून आंधळाच आहे.