डाव्या अंगठ्याचं नख

चार चाळीसचा गजर वाजायच्या आधीच
माझा हात त्याच्यावर असतो.
हेमलता कूस बदलून म्हणते, कडी हळू लाव.
ऑगस्टपासून एवढाच आमचा सकाळचा संवाद.
नाड्या मी जिन्यात बसून बांधतो,
डावी जरा सैल,
कारण डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय
आणि ते मी कुणाला दाखवत नाही.

आनंदवल्लीपर्यंत अंग माझं नसतं.
गुडघे कुणा म्हाताऱ्याकडून उसने आणल्यासारखे,
थंडी नाकातून थेट कानात.
नदीकडून धुकं चढत येतं,
त्यातून आधी दुधाच्या कॅनचा खडखडाट,
मागून मोटरसायकल.
मग बारदान फाट्याच्या अलीकडे कुठेतरी
श्वास आणि पाऊल एकमेकांत बसतात,
बोल्टवर नट बसावा तसे, जोर न लावता.
तिथून पुढे मी हिशोब करत नाही.

खोटं. हिशोब मी कायम करतो.
दिवसभर सातपूरला हातात मायक्रोमीटर असतो,
केसाच्या दहाव्या हिश्शासाठी
पोरांचा अख्खा लॉट परत पाठवलाय मी.
आणि इथे
सात दहा, सात पंचवीस, सात चार,
आठ दोन (चढ होता),
आठ अकरा (काल मेव्हण्याकडे मांडे होते).
असला माल मी कुणाचा पास केला नसता.

इप्पर सर देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त.
सायकलवर शेजारून येतात, बोलत नाहीत.
फक्त चढ लागला की म्हणतात,
"खाली बघा. चढाला बघितलेलं आवडत नाही."

सोमेश्वरच्या वळणावर एक पिवळा कुत्रा आहे.
माझे आजवरचे सगळ्यात वेगवान दोनशे मीटर
त्याच्या नावावर आहेत.
परवा त्याने मान वर केली,
मला नीट पाहिलं,
आणि तोंड परत पायांत खुपसलं.
एवढ्या महिन्यांनी मी त्या रस्त्याचा झालो,
आणि वेळ अकरा सेकंदांनी घसरली.
चांगलं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.

रविवारी बत्तीस होते. गिरणारे गाठून परत.
सत्ताविसाव्याला पाय संपले.
दुखले वगैरे नाहीत. संपले,
गॅसची टाकी संपते तसे, भात अर्धा शिजलेला असताना.
सरांची सायकल केव्हाच पुढे गेलेली.
बागेच्या कडेला टोमॅटोचे रिकामे क्रेट होते,
त्यातल्या एकावर बसलो.
औषध मारून एक जण ट्रॅक्टर बाहेर काढत होता,
मोरचुदाने मनगटापर्यंत निळा.
"सोडू का फाट्यापर्यंत?"
नको म्हणालो.
"मग बसलात कशाला?"

त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.
मी बराच वेळ उत्तर शोधलं,
मग उत्तराऐवजी उठलो.
दीडेक किलोमीटर तो ट्रॅक्टर माझ्यामागे होता,
पहिल्या गिअरवर, हॉर्न न वाजवता,
ब्लोअरमधून उरलंसुरलं औषध ठिबकत.
वळताना त्याने निळा हात वर केला.
मला वर करायला हातात जोर नव्हता,
मी नुसती मान हलवली.
ते त्याला दिसलं असेल का, कोण जाणे.

आता दोन आठवडे उरलेत.
सरांच्या कागदावर रोजच्या रकान्यात
एकच शब्द जास्त येतो: आराम.
चार चाळीसला जाग येतेच.
छताकडे बघत पडून राहतो,
धुक्यातून कॅन जाताना ऐकतो.
"जा की," हेमलता म्हणते,
"पायांनी चादर तरी ओढू नकोस."

काल मोजा काढताना नख त्यातच राहिलं.
खाली नवं येतंय,
मऊ, गुलाबी, अर्धवट.
जुनं मी कागदात गुंडाळून कंपनीत नेलं
आणि जेवणाच्या सुट्टीत, कुणी नाहीसं बघून,
मायक्रोमीटरच्या जबड्यात धरलं.
एक पूर्णांक तीन आठ.
याचं ड्रॉइंग कुणी काढलेलं नाही,
म्हणून पास की नापास,
रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं नाही.