हात न उचलता

कोपऱ्यातल्या चंद्रकोरी
तीनाच्या दोन होतात, दोनाची एक,
आणि वडणग्याच्या जुन्या वाटणीपत्राचं सातवं पान
चौसष्ट टक्क्यांवर ठाण मांडतं,
गंगावेशीत म्हैस रस्त्यात बसावी तसं.

मी मोडी वाचते. सहीशिक्क्यानिशी, पानावर पैसे.
वकील फोन करतात: बाई, आज तारीख आहे.
मी म्हणते, पाठवलंय.
पाठवलेलं असतं. पोचलेलं नसतं.

अझर मुजावर शिडी घेऊन आला.
बाहेरची वायर ओढून बघितली, डबीवरचे दिवे मोजले,
म्हणाला, राउटर लोखंडी कपाटामागं ठेवलाय,
सिग्नल काय कपाट फोडून येणार व्हय, बाई?
राउटर कपाटावर चढला, देवाच्या तसबिरीशेजारी.
चॅनल बदललं. सगळी गल्ली म्हणे एकाच चॅनलवर बसलेली,
दूधकट्ट्यावर बसतात तशी, मांडीला मांडी लावून.
एक दिवस बरा गेला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हैस.

मग मीच तपास घेतला, कागदाचा घेते तसा.
वही घातली: वेळ, जागा, वेग.
बैठकीत भिंतीजवळ, छान.
स्वयंपाकघरात मरगळलेलं.
गॅलरीत, जिथल्या उजेडात उडालेली शाईसुद्धा दिसते,
तिथं तर नाहीच.
म्हणजे अंतर.
पण गॅलरी ते राउटर माझी पावलं अकरा.
अकरा पावलांत दमायला काय झालं?

राउटरच्या पोटात शिरले तर जोडलेल्यांची यादी:
माझा फोन, हा लॅपटॉप, भाच्यानं सोडून गेलेला टीव्ही,
आणि सगळ्यात खाली, बसगोंडा.

समोरच्या तालमीतलं पोर. अथणीकडचं.
रोज रात्री नऊला आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
मानेला अजून तांबडी माती,
अव्वा, केळस्तैतेन? अव्वा?
ऐकू येतंय का, एवढंच दहा वेळा विचारायचं.
पासवर्ड ह्याला दिला कुणी?
मीच. अझर शिडीवर होता
तेव्हा खालून ओरडून सांगितला होता,
अख्ख्या गल्लीला, दोनदा, स्पेलिंगसकट.

सापडलं, म्हटलं. पासवर्ड बदलला.
नऊ वाजता दाराच्या फटीतून दिसलं,
तो फोन वर धरून दिशा शोधत होता.
एक पायरी चढला. दोन उतरला.
फोन भिंतीला टेकवून बघितला.
काही बोलला नाही. गेला.

सकाळी गॅलरी, पान नववं, बासष्ट टक्के.
यादीत आता मी एकटी, आणि तरीही.

वही पुन्हा काढली. रकाने तीनच होते,
चौथा मी धरलाच नव्हता:
बैठकीत भिंतीजवळ चार्जर लावलेला असायचा.
गॅलरीत प्लगच नाही.
वायर काढली की हा लॅपटॉप बॅटरी वाचवायला
आपल्याच वायरलेस कार्डाला गुपचूप झोपवतो.
सेटिंगमध्ये एक बरोबरची खूण, तिळाएवढी. ती काढली.
चहा गाळेपर्यंत बारावं पान पोचलंसुद्धा.

मोडीत आधी रेघ ओढतात, कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत,
मग तिला अक्षरं लटकवत जातात, हात न उचलता.
शब्द कुठं तुटला कळत नाही,
आणि घाई केली
तर एकाचं देणं दुसऱ्याच्या नावावर वाचलं जातं.
शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी
हेच सांगते मी. वीस वर्षं.

तालमीत बाया जात नाहीत.
उंबऱ्याबाहेरून हाक मारली.
तो आला, हात लंगोटामागं पुसत, बिचकलेला.
नवा पासवर्ड सांगितला. ह्या वेळी हळू,
त्याला एकट्याला.

त्यानं सुजून गोळा झालेला कान पुढं केला:
काय म्हणला, मावशी? मोठ्यानं सांगा की.

सांगितला.