डावीकडून तिसरा

खोकी आली तेव्हा कॉलेजच्या आवारात
गुडघाभर बर्फ होतं,
आणि उतरवून घ्यायला आम्ही दोघंच:
मी, ग्रंथालयातली अर्धवेळ,
आणि बॉयलर सांभाळणारा ऑर्विल.
सात खोकी. प्रत्येकावर आधीच्या गावांच्या चिठ्ठ्या,
एकीवर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या.
मिनेसोटाच्या ह्या टोकाला खाण बंद पडून जमाना झाला,
आता तिचा इतिहास फिरतीवर येतो.

पहिल्याच फलकावर ठळक अक्षरांत
आठ तासांच्या दिवसासाठी कोण कोण झगडलं ते.
तो उभा करेपर्यंत आमचे नऊ भरले.
ऑर्विल म्हणाला, वरचा एक तास इतिहासात जमा कर.

माझं काम अंगठ्याचं.
दारापाशी बसायचं, आत येणाऱ्या प्रत्येकामागे
हातातल्या यंत्राची कळ दाबायची.
सोमवारी अकरा. मंगळवारी चार,
त्यातला एक स्वच्छतागृह शोधत आलेला.
बुधवारी वेल्डिंगची अख्खी तुकडी आली,
फोटो सोडून फलकांच्या सांगाड्यांपाशी वाकली,
सांध्यावरून बोट फिरवत एक पोरगी म्हणाली,
"घाईत केलंय कुणीतरी."

रेइनो हाक्कला मात्र रोज यायचा.
ऐंशीच्या पुढचा, टोपी कानांवर ओढलेली.
रोज त्याच फोटोपुढे:
खाणीचं फाटक, संपकरी, पातेली बडवणाऱ्या बायका.
मला वाटलं, ह्यांतलीच कुणी त्याची आजी.
सहाव्या दिवशी खुर्ची नेऊन दिली, विचारलं.
त्याचं बोट बायकांवरून गेलं, पोरांवरून गेलं,
पार कडेला जाऊन थांबलं,
जिथं बंदुका घेतलेले चौघे.
खाली छापलेलं: कंपनीचे रखवालदार, नावं माहीत नाहीत.

"डावीकडून तिसरा. कुस्ता हाक्कला. माझा आजोबा.
त्या पैशांतून घर बांधलं त्यानं.
छप्पर अजून गळत नाही."
मग बऱ्याच वेळानं:
"लिहा नाव. माहीत नाही कसं? मला माहीत आहे."

मी सांगितलं, फलक आमचे नाहीत,
अभिप्रायाची वही आहे.
वहीकडे त्यानं असं पाहिलं
जसं उसने बुडवणाऱ्याकडे पाहतात.

दोन आठवड्यांनी पुन्हा खोकी, पुन्हा बर्फ.
तो फलक उलटा केला तर मागे कोरं लाकूड.
ऑर्विलच्या कानावरची पेन्सिल घेतली,
नाव लिहिलं.
हात थांबेना, म्हणून आणखी तीन आडव्या रेघा मारल्या,
पुढच्या गावात कुणाला ठाऊक असेल तर.

यंत्रावर आकडा दोनशे सहा.
त्यात दहा वेळा तोच एक म्हातारा,
वजा करू का, विचारलं मॅडमना.
म्हणाल्या, राहू दे, अहवालात बरा दिसतो.

ऑर्विल खिळे ठोकत होता. पावणेसात.
कागदोपत्री आम्ही दोघं
पाचलाच घरी गेलेलो.